मालेरीच्या तांबड्या मातीतील शार्क



मी शिक्षक असताना एका मुलाने वर्गात विचारले होते, "सर, आपल्या आदिलाबादेत कधी शार्क होता का?" समुद्र इथून शेकडो मैल दूर, मी तो प्रश्न हसण्यावारी नेला. ते माझे अज्ञान होते. त्याचे राहून गेलेले उत्तर आज देतो.

होय, होता. २०१६ च्या विभाजनापूर्वीच्या आपल्या जिल्ह्यातील मालेरीचे तांबडे मृत्तिकाथर सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी साचविले. त्यांत सापडलेल्या गोड्या पाण्यातील शार्कच्या अवशेषांचे वर्णन सोहनलाल जैन यांनी १९८० साली प्रसिद्ध केले. शार्कचा सांगाडा कूर्चेचा असल्याने तो सहसा टिकत नाही. मात्र दात आयुष्यभर गळत व नव्याने येत राहतात. म्हणून मागे उरतात ते मुख्यतः दात. या कुळाच्या दातांना दोन मोठी टोके असत आणि मध्ये एक लहानसे.

१८८४ साली सॅम्युएल गार्मन यांनी जपानच्या समुद्रातील सर्पाकृती झालर-शार्कचे वर्णन केले. त्याचे त्रिशूळासारखे दात पाहून एडवर्ड कोप यांनी तो याच प्राचीन कुळाचा हयात वंशज ठरविला. पुढे शरीररचनेच्या अभ्यासाने ते खोटे ठरले. दात सारखे दिसले, तरी गोत्र निराळे होते. आपले कुळ ट्रायासिक युगाबरोबर संपले.

झालर-शार्क बहुधा शेकडो मीटर खोल, थंड काळोखात राहतो. कल्ल्यांच्या सहा जोड्या, सुमारे तीनशे दात आणि मुख्य भक्ष्य माकूळ. दातांची टोके आत वळलेली असल्याने निसटते भक्ष्य अधिकच अडकते. अंडी मादीच्या पोटातच उबतात. गर्भकाळ साडेतीन वर्षांचा असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. अशा संथ जीवनक्रमामुळेच खोल समुद्रातील शार्क मासेमारीपुढे टिकाव धरू शकत नाहीत. वर्षभरात जाळ्याने नेलेले भरून यायला त्यांना दशके लागतात.

एक कुळ आपल्या मातीत दात ठेवून गेले. दुसरे अद्याप जिवंत आहे, आणि ते राखणे आपल्या हाती आहे. शिक्षकमित्रांना एवढेच विनवितो, की मुलाचा प्रश्न वेडगळ वाटला तरी हसू नका. उत्तर कदाचित पायाखालीच असेल.