एका 'गेट'ची गोष्ट

पहिल्या वर्षाला प्रवेश घेऊन जेमतेम आठवडा झाला होता. इंग्रजीच्या तासाला सरांनी एक मुद्दा समजावून सांगितला आणि माझ्याकडे बोट करून विचारले, "डिड यू गेट इट?" शाळेत 'गेट म्हणजे मिळणे' एवढेच पाठ केलेले. सरांनी आदल्या दिवशी काही कागद वाटले असतील असे समजून मी उभा राहिलो आणि म्हणालो, "नो सर, आय वॉज ॲबसेंट यस्टर्डे." सारा वर्ग हसला. सर विचारीत होते, 'समजले का?' त्यानंतर सहामाहीपर्यंत मी त्या तासाला तोंड उघडले नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. घरी जाऊन कोणाला विचारावे अशी सोय नाही. शेवटी ग्रंथालयात बसून मोठा शब्दकोश उघडला, तेव्हा कळले की ज्या चिमुकल्या शब्दाने माझी फजिती केली त्याचा संसार कित्येक रकाने व्यापून बसला आहे.

या शब्दाचे कूळ मोठे गमतीचे आहे. इ. स. ७९३ मध्ये लिंडिसफार्नच्या मठावर हल्ला झाला आणि पुढे स्कँडिनेव्हियातील दर्यावर्दी लोक इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागात येऊन स्थायिक झाले. 'टेक', 'स्काय', 'एग' यांच्याप्रमाणेच 'गेट' हे क्रियापदही त्यांच्याच भाषेतून आले. त्याचा जुना इंग्रजी भाऊबंद आज 'फर्गेट' या शब्दात लपून बसला आहे. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले, फ्रेंच ही दरबारी भाषा झाली आणि तिच्यातून 'रिसीव्ह', 'ऑब्टेन' असे भारदस्त शब्द आले. तेव्हापासून कागदोपत्री 'ऑब्टेन' आणि घरात 'गेट' अशी वाटणी झाली. आपणही अर्जात 'प्राप्त झाले' लिहितो आणि घरी 'मिळाले' म्हणतो, तसेच हे.

मूळ अर्थ 'हाती येणे'. आधी वस्तू हाती येते: गेट अ लेटर. मग अवस्था येते: गेट ओल्ड, गेट वेट, म्हणजे म्हातारे होणे, भिजणे. मग ठिकाण येते: गेट होम, म्हणजे घरी पोहोचणे. शेवटी अर्थच मनाच्या हाती येतो आणि 'गेट इट' म्हणजे समजणे होते. हा धागा एकदा सापडला की पुष्कळ गाठी सुटतात.

त्यामागे एखादे लहानसे अव्यय जोडले की नवाच शब्द तयार होतो. 'गेट ऑन विथ' म्हणजे एखाद्याशी पटणे, 'गेट ओव्हर' म्हणजे दुःखातून सावरणे, 'गेट बाय' म्हणजे कसेबसे भागणे. 'गेट अवे विथ' म्हणजे अपराध करून तो पचवणे.

वाक्प्रचारांत तर आपलीच माणसे भेटल्यासारखे वाटते. 'गेट कोल्ड फीट' म्हणजे पाय गार पडणे. आपण म्हणतो कच खाणे. 'गेट द सॅक' म्हणजे नोकरीवरून जाणे. आपल्याकडे नारळ मिळतो. 'गेट द हँग ऑफ' म्हणजे हात बसणे. 'गेट विंड ऑफ' म्हणजे कुणकुण लागणे; यामागे शिकार आहे, कारण वाऱ्यावर आलेल्या वासाने जनावराला शिकाऱ्याचा सुगावा लागतो. 'गेट आउट ऑफ हँड' हे मात्र आपल्या 'हाताबाहेर जाणे'चे जुळे भावंडच.

रस्त्यावरच्या बोलीत हा शब्द आणखी मोकळा सुटतो. 'गेट लॉस्ट' म्हणजे 'हरवून जा' नव्हे, 'चालता हो'. 'यू गॉट मी' म्हणजे तू मला निरुत्तर केलेस. अमेरिकन बोलीत 'गेट समवन्स गोट' म्हणतात. त्यात शेळी कोणाला मिळत नाही, माणूस चिडतो. 'आय विल गेट यू' ही सरळ धमकी आहे: 'तुला बघून घेईन.' आता हे 'बघून घेईन' कोणी इंग्रजीत शब्दशः केले तर साहेबाला त्यातला राग कळेल का? तो बिचारा म्हणेल, बघ आणि घे!

येथेच माझी भीती निम्मी झाली. माझी आई शाळेत गेलेली नाही. पण ती सहज म्हणते, 'डोके खाऊ नको', 'त्याने पैसे खाल्ले', 'फार भाव खातो', 'मार खाशील', 'हिशेब मेळ खात नाही'. यांपैकी एकही वस्तू ताटात वाढता येत नाही. 'खाणे म्हणजे ईट' एवढेच पाठ करून एखादा परदेशी माणूस आमच्या अंगणात आला, तर त्याचीही माझ्यासारखीच फजिती होईल. म्हणून आई त्याला अडाणी म्हणणार नाही. चहा देईल आणि पुन्हा सांगेल.

आपण मराठी माध्यमाची मुले लांबलचक इंग्रजी शब्दांना घाबरतो. खरे तर ते शब्दकोशात सापडतात आणि त्यांचा अर्थ बहुधा एकच असतो. अडवतात ती 'गेट', 'टेक', 'पुट' ही रोजची क्रियापदे. ती सहवासाने येतात, आणि ज्याच्या घरात इंग्रजी नाही त्याला तो सहवास कोठून मिळणार? म्हणून मी एक वही केली. तीत सुटा शब्द लिहीत नाही. अख्खे वाक्य लिहितो आणि शेजारी आपला वाक्प्रचार. 'गेट'चीच चाळीसच्या वर वाक्ये झाली आहेत. वही कोणालाही पाहायला मिळेल.

परवा ती सरांना दाखवली. त्यांनी शांतपणे चाळली, दोन चुका दुरुस्त केल्या आणि म्हणाले, "नाऊ यू आर गेटिंग देअर." घरी येऊन ते वाक्यही वहीत उतरवले. 'गेटिंग देअर' म्हणजे अजून पोहोचलो नाही, पण वाटेला लागलो आहे.