स्टिकला हात न लावता

नौदलासाठी बनवलेल्या ‘तेजस’ची गोष्ट निघाली की ती वजनापाशी येऊन थांबते. डिसेंबर २०१६मध्ये नौदलप्रमुख सुनील लांबा यांनी हे विमान आपल्या गरजेला पुरं पडत नसल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि अनेकांनी प्रकल्प मोडीत काढला. लांबांचं म्हणणं रास्तच होतं. इंजिन एक, त्यात विमानवाहू नौकेच्या डेकवरचे दणके सोसणारा चाकांचा जड सांगाडा. पण विमान किती भार उचलतं हा एक प्रश्न, आणि ते वैमानिकाच्या हाताखाली कसं वागतं हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नावर गोव्यात जे काम झालं, ते मला फार मोलाचं वाटतं.

तेजस हे मुद्दाम अस्थिर ठेवलेलं विमान. संगणक त्याला क्षणोक्षणी सावरतो, म्हणून ते उडतं. हे सावरण्याचे नियम, म्हणजे ‘कंट्रोल लॉ’, कच्चे राहिले तर काय होतं ते स्वीडनच्या ग्रिपेनने फेब्रुवारी १९८९मध्ये दाखवलं होतं. उतरताना वैमानिक झोल सावरायला गेला आणि त्या सावरण्यानेच पुढचा झोल वाढत गेला. पहिलंच नमुना-विमान धावपट्टीवर कोसळलं. ही भीती आपल्या अभियंत्यांसमोर होतीच. त्यात १९९८च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने तिथे या कामावर असलेल्या आपल्या अभियंत्यांना परत पाठवलं. उरलेलं काम बेंगळुरूत पुरं झालं आणि ४ जानेवारी २००१ रोजी राजीव कोठियाल यांनी तेजस पहिल्यांदा उडवलं.

नौदलाचं विमान २०१२मध्ये उडालं. त्याची खरी कसोटी लागली गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावर. तिथे विमानवाहू नौकेवर असते तशी चढती स्की-जंप जमिनीवरच बांधली आहे. २० डिसेंबर २०१४ला कमोडोर जयदीप मावळणकर तिच्यावरून झेपावले. रॅम्प संपतो तेव्हा पंखांनी विमान पेलावं इतका वेग आलेला नसतो. नाक जास्त उचललं तर वेग मरतो, कमी उचललं तर खाली समुद्र. म्हणून त्या काही सेकंदांत वैमानिकाने स्टिकला हातच लावायचा नसतो. विमान वर नेण्याचं काम कंट्रोल लॉ करतो. मुरलेल्या चाचणी वैमानिकाने असा हात आवरून बसणं, यापेक्षा मोठी पावती अभियंत्यांना कुठली?

उतरण्याची तऱ्हा वेगळी. इतर विमानं जमिनीलगत नाक उचलून अलगद टेकतात. डेकवर मात्र एकाच उतारावर येऊन आदळायचं, आणि विमानाचा हूक त्याला थांबवणाऱ्या तारेत अडकलाच नाही तर पुन्हा उडता यावं म्हणून टेकताक्षणी इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा. १३ सप्टेंबर २०१९ला हूक तारेत अडकवून असं उतरणं हंसावर जमलं. ११ जानेवारी २०२०ला मावळणकरांनी ते आयएनएस विक्रमादित्य या विमानवाहू नौकेच्या डेकवर केलं, आणि दुसऱ्याच दिवशी विमानाने तिथून उड्डाणही घेतलं.

फेब्रुवारी २०२३मध्ये नौदल-तेजसचं नमुना-विमान विक्रांत या विमानवाहू नौकेवरही उतरलं. नौदल आता २६ राफेल-मरीन घेत आहे. दोन इंजिनांचं स्वदेशी डेक-विमान अजून घडायचं आहे. त्याचे कंट्रोल लॉ लिहिणाऱ्यांना डेकवरच्या उड्डाणाची मोजमापं मात्र कुणाकडे मागायला जावं लागणार नाही.