घरातील बुरशी आणि कुटुंबाचे श्वसनारोग्य

घरातील बुरशीचा दोष बहुधा रहिवाशांच्या अस्वच्छतेला दिला जातो. वस्तुतः तिचे मूळ ओलीत असते. गळती, थंड भिंतीवर साचणारी वाफ आणि अपुरे वायुवीजन यांमुळे ती वाढते. तिचे बीजाणू श्वासावाटे शरीरात जाऊन ॲलर्जी व दमा बळावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही ओलसर घरे व श्वसनविकार यांचा संबंध नमूद आहे.

इंग्लंडमधील रॉचडेल येथे अवाब इशाक हा २ वर्षांचा बालक डिसेंबर २०२० मध्ये मरण पावला. त्याच्या वडिलांनी २०१७ मध्येच बुरशीची तक्रार केली असता त्यांना तिच्यावर रंग देण्यास सांगण्यात आले. रंगाने डाग झाकतो, ओल नव्हे. कुटुंबाच्या राहणीलाही बोल लावण्यात आला. बुरशीच्या दीर्घ संपर्कातून जडलेला तीव्र श्वसनविकार हेच मृत्यूचे कारण, असा निष्कर्ष कोरोनरने नोव्हेंबर २०२२ मध्ये नोंदविला. त्यानंतर झालेल्या कायद्यान्वये इंग्लंडमधील सामाजिक भाडेघरांच्या मालकसंस्थांवर २७ ऑक्टोबर २०२५ पासून गंभीर ओल व बुरशीची विहित मुदतीत तपासणी आणि निवारण करणे बंधनकारक झाले. खासगी भाडेकरूंना मात्र त्या टप्प्यात हे संरक्षण लाभले नाही.