पणजीचं माहेर सात समुद्रांपलीकडे

आमच्या एका श्रोत्या ताईंची सून अमेरिकेत वाढलेली, जर्मन वंशाची. नातीला शाळेत कुळाचा वृक्ष काढायला सांगितला. आपल्याकडची नावं ताईंनी फोनवर भराभर सांगितली. सुनेच्या बाजूला मात्र खापरपणजीच्या चौकटीत एवढंच होतं : ‘अ‍ॅना, जर्मनी’. ताईंनी आम्हाला विचारलं, “अहो, त्या बाईला माहेर नव्हतं का?” या प्रश्नापासून आम्ही शोधाला लागलो. काय कळलं ते आज सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. 1683 साली क्रेफेल्ड गावची तेरा कुटुंबं फिलाडेल्फियाला उतरली आणि त्यांनी ‘जर्मनटाऊन’ वसवलं. पुढे दोन शतकं जर्मन माणसं येतच राहिली. सगळ्यात मोठी लाट 1880 नंतरच्या दहा वर्षांत आली, तेव्हा जवळपास साडेचौदा लाख माणसं आली. त्यामुळे आज अमेरिकेत घरोघरी कुणीतरी जर्मन पूर्वज सापडतो.

शोधाचा पहिला नियम सोपा आहे : आपल्यापासून सुरुवात करायची आणि एकेक पिढी मागे जायचं. एकदम जर्मनीत उडी मारायची नाही. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसायचं. जुन्या बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्म-मृत्यू लिहायची पद्धत होती, ती पानं बघायची. फोटोंच्या मागची बाजू बघायची. थडग्यावरचा मजकूर वाचायचा. जुन्या जर्मन थडग्यांवर बाईच्या नावापुढे ‘गेब.’ असं लिहिलेलं दिसतं. ते ‘गेबोरेने’ या शब्दाचं छोटं रूप, म्हणजे ‘जन्माने अमुक’. त्याच्या पुढचं नाव हे तिचं माहेरचं आडनाव!

मग शिरगणती. अमेरिकेत 1790 पासून दर दहा वर्षांनी ती होते, पण सुरुवातीला फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव 1850 पासून आलं. 1900 ची यादी तर बायकांच्या दृष्टीने खजिनाच आहे. त्यात जन्माचा महिना, अमेरिकेत आल्याचं साल आणि आईला विचारलेला एक प्रश्न आहे : मुलं किती झाली आणि हयात किती? कुणी ‘नऊ आणि पाच’ असं सांगितलेलं असतं. त्या दोन आकड्यांत एका आईचं केवढं दुःख आहे, ते आपल्याला सांगायला नको. 1890 ची यादी मात्र बहुतेक सगळी गेली. 1921 साली वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत तिचं मोठं नुकसान झालं. त्यामुळे मधल्या वीस वर्षांची दरी चर्चची वही, गावची पत्तापुस्तिका अशा दुसऱ्या कागदांनी भरून काढावी लागते.

आता आडनावांची गंमत. श्मिटचं स्मिथ झालं, म्युलरचं मिलर झालं. काहींनी अर्थच बदलून घेतला. त्सिमरमान म्हणजे सुतार, म्हणून ‘कार्पेंटर’. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचे पूर्वज मुळात ‘आयझेनहाउअर’ होते. पुष्कळ जण सांगतात, “एलिस बेटावरच्या कारकुनाने आमचं नाव बदललं.” ते खरं नाही. ते केंद्र 1892 साली सुरू झालं आणि तिथले कारकून जहाजाबरोबर आलेल्या यादीवरच काम करत. ती यादी निघतानाच तयार झालेली असे. नावं बदलली ती नंतर. शेजाऱ्यांच्या उच्चारामुळे, शाळेत, दुकानाच्या पाटीवर. पहिल्या महायुद्धात जर्मन असणं अडचणीचं झालं, तेव्हाही बऱ्याच घरांनी नाव आणि भाषा दोन्ही मागे टाकली.

बायकांचा माग एवढा अवघड का, याचं एक कारण कायद्यात आहे. 1855 च्या कायद्याने नवरा नागरिक झाला की सहसा बायकोही आपोआप नागरिक होई. म्हणून तिचा वेगळा अर्ज नाही, वेगळा कागद नाही. 1907 मध्ये उलटा फटका बसला. अमेरिकेत जन्मलेली बाईही परदेशी माणसाशी लग्न केलं की नागरिकत्व गमावू लागली. 1918 साली जर्मन नवऱ्याच्या अशा बायकांना ‘शत्रुदेशीय’ म्हणून नोंद करावी लागली, फोटो आणि बोटांच्या ठशांसह. त्यातले बरेच कागद पुढे नष्ट झाले, पण कॅन्सस राज्यातले बरेचसे टिकले. ज्या कागदाने त्यांचा अपमान केला, त्यातच आज नातवंडांना आजीचा चेहरा दिसतो. 1922 च्या कायद्यानंतर बाईचं नागरिकत्व बऱ्याच अंशी तिचं स्वतःचं झालं.

समुद्र ओलांडायचा तर गावाचं नाव हवंच. नुसतं ‘जर्मनी’ पुरत नाही. 1871 पूर्वी जर्मनी असा एक देशच नव्हता. कागदावर प्रशिया, बव्हेरिया, हनोव्हर असं दिसतं. शिवाय नॉयश्टाट नावाची गावं कितीतरी. गावाचं नाव बहुतेकदा अमेरिकेतल्या जर्मन चर्चच्या वहीत मिळतं, लग्नाच्या किंवा मृत्यूच्या नोंदीत. हॅम्बुर्ग बंदराच्या 1850 ते 1934 या काळातल्या याद्या टिकून आहेत आणि त्यात प्रवाशाचं राहतं गावही लिहिलेलं असतं. ब्रेमन बंदराच्या बहुतेक याद्या मात्र नष्ट झाल्या.

गाव सापडलं की तिथली चर्चची वही उघडायची, कारण साऱ्या जर्मनीत सरकारी जन्मनोंद 1876 पासूनच आली. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव आणि मुलाच्या धर्ममातापित्यांची नावं सापडतात. हे धर्ममातापिता पुष्कळदा मावशी, मामा असेच असतात. जुन्या वह्यांत बाईच्या आडनावाला ‘इन’ जोडत, म्युलरची ‘म्युलरिन’. ते वेगळं आडनाव समजू नये. ही अक्षरं ‘कुरेंट’ नावाच्या जुन्या वळणाची. आपल्याकडे मोडी वाचणारा शोधावा लागतो, तसा तिथे कुरेंट वाचणारा शोधतात. आजचे जर्मनही ती सहज वाचू शकत नाहीत.

एक ओळखीचं उदाहरण घ्या. जीन्स घराघरांत पोचवणारे लेव्ही स्ट्रॉस 1829 साली बव्हेरियातल्या बुटेनहाइम गावी एका ज्यू घरात जन्मले. नाव होतं ल्योब. त्यांचे फेरीवाले वडील 1846 मध्ये क्षयाने गेले. पुढच्याच वर्षी आई रिबेका ल्योबला आणि दोन मुलींना घेऊन न्यूयॉर्कला निघाली. थोरले भाऊ तिथे आधीच गेले होते. तेव्हा देश सोडायला सरकारी परवानगी लागे. अशा परवानग्यांचे कागद जर्मनीतल्या दप्तरखान्यांत सापडतात, म्हणून जहाजाची यादी नसली तरी तिथेही विचारावं. लेव्हींचं नाव जगाला माहीत आहे, पण घर उचलून समुद्रापार नेणारी ती विधवा आई होती.

एक सावधगिरी सांगतो. ‘आना मारिया’ नावाच्या मुली एकेका गावात डझनभर असत. नाव जुळलं म्हणून आपली समजू नका. वय, नवरा, मुलं, शेजारी हे सगळं जुळलं तरच नोंद आपली. दुसऱ्यांनी इंटरनेटवर चढवलेला वृक्ष जसाच्या तसा उतरवूनही घेऊ नका. एकाची चूक शंभर घरांत जाते.

ताईंच्या सुनेला शेवटी उत्तर कुठे मिळालं? खापरपणजीच्या नोंदीत नाहीच. तिच्या धाकट्या मुलीच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘आईचं माहेरचं नाव’ असा रकाना होता आणि तो भरलेला होता. गाव अजून सापडायचं आहे. पण नातीने चौकटीतलं ‘जर्मनी’ खोडून तिथे आडनाव लिहिलं. ताई फोनवर म्हणाल्या, “चला, बाईला माहेर मिळालं.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “माझ्या स्वतःच्या पणजीचं माहेर मला कुठे ठाऊक आहे!”

मैत्रिणींनो, तुम्हाला ठाऊक आहे का? घरात कुणी सांगणारं असेल, तर आजच विचारा आणि वहीत लिहून ठेवा.