एका बादलींत मोटार

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यांत, बालाघाटाच्या रांगांमध्यें ईट हें गांव आहे. या मुलखांत पाण्याची गोष्ट जेवणाच्या पानापासून सोयरिकीच्या बैठकीपर्यंत कोठेंही निघते. मुलगी द्यावयाची तर मुलाच्या शिक्षणाइतकीच त्याच्या घरच्या विहिरीची चौकशी होते. जवळच्याच खर्ड्याच्या किल्ल्यांत १७९५ सालीं मराठ्यांनीं निजामास कोंडलें, तेव्हां तरवारीइतकेंच तहानेनेंही त्याच्या फौजेला जेरीस आणलें. फार मागें जाण्याचेंही कारण नाहीं. २०१६ च्या एप्रिलांत शेजारच्या लातूर शहरासाठीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या खेपेला १० वाघिणी भरून सुमारें ५ लाख लिटर पाणी आलें, आणि तें पाहण्यास स्टेशनावर लोक जमले. अशा प्रदेशांत दारापुढें मोटार उभी करून तिच्यावर नळीनें पाणी सोडणें हा नुसता अपव्यय नव्हे. तो शेजाऱ्याच्या डोळ्यांदेखत केलेला अपव्यय आहे.

तरीही मोटारी वाढल्या आहेत आणि वाढणार. ज्या वाड्यांतून पूर्वीं एक सायकल आणि एक छकडा असे, त्याच वाड्यांतून आज दोघां भावांच्या दोन मोटारी उभ्या असतात. पुण्याला असलेला धाकटा सणावारीं येतो तो तिसरी घेऊन येतो. त्या धुवावयाच्या कशा? नळीच्या धारेनें १५ लिटरची बादली एका मिनिटांत भरत असेल, तर दहा मिनिटांच्या धुण्याला १५० लिटर पाणी जातें. दुभती म्हैस उन्हाळ्यांत दिवसाला ६०-७० लिटर पाणी पिते. म्हणजे एक मोटार धुतली कीं दोन म्हशींचें दिवसभराचें पाणी रस्त्यावर गेलें. भूम तालुका खव्यासाठीं नांवाजलेला आहे, आणि ज्याच्या गोठ्यांत जनावर आहे त्याला हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा लागत नाहीं.

नगरांचीही स्थिति आतां निराळी राहिलेली नाहीं. २०२४ च्या मार्चांत बंगळूर शहरांत पिण्याच्या पाण्यानें मोटारी धुण्यास बंदी घालण्यांत आली आणि मोडणाऱ्यास ५,००० रुपये दंड ठरला. तेव्हां थोड्या पाण्यांत मोटार नीट धुण्याची जी रीत परदेशांत रूढ झाली आणि आतां आपल्याकडेही पोंचली आहे, तिची ओळख आमच्या वाचकांस करून द्यावी असें आम्हांस वाटतें. इंग्रजींत तिला ‘रिन्सलेस वॉश’ म्हणतात. आपण तिला ‘बिनविसळीचें धुणें’ म्हणूं. एक बादली, तीही अर्धी, आणि स्वच्छ कापडें एवढ्यावर सगळें काम उरकतें.

विसळण्याची गरज मुळांत कां पडते हें प्रथम पाहावें. कपड्याला साबण लावला कीं मळ सुटतो, परंतु साबण कपड्यांतच राहतो. म्हणून तो दोन-तीन पाण्यांतून खळबळून काढावा लागतो. मोटारीच्या नेहमींच्या शांपूचें तसेंच आहे. त्याचा फेंस वाळला तर डाग पडतात, म्हणून घासण्यापेक्षां तो धुऊन काढण्यालाच पाणी अधिक लागतें. बिनविसळीच्या द्रावणांत फेंस जवळजवळ नसतो. त्यांत पॉलिमर नांवाचीं लांब साखळ्यांचीं द्रव्यें असतात. तीं धुळीच्या कणाला लपेटून घेतात, त्याला पाण्यांत तरंगत ठेवतात, आणि कण व रंग यांच्यामध्यें बुळबुळीत पडदा धरतात. मागें जें राहतें तें इतकें थोडें असतें कीं तें पुसून घेतलें म्हणजे झालें. त्याला धुऊन काढण्याचें कारण उरत नाहीं. अमेरिकेंतील ऑप्टिमम कंपनीचें ‘नो रिन्स’ हें या जातीचें प्रसिद्ध द्रावण. त्याचें प्रमाण एकास दोनशें छप्पन्न, म्हणजे साडेसात लिटर पाण्यांत ३० मिलिलिटर, मोठे दोन चमचे म्हणाना. अर्ध्या लिटरच्या बाटलींत सोळा धुणीं होतात. इतर कंपन्यांचीं प्रमाणें वेगळीं असतात, तेव्हां बाटलीवरचा मजकूर वाचून घ्यावा. ‘थोडें जास्त घातलें तर अधिक स्वच्छ होईल’ हा आपल्याकडचा न्याय येथें लागूं पडत नाहीं. जास्त घातलें तर कांचेवर ओघळ मात्र दिसतात.

आतां मोटारीच्या रंगाविषयीं. आपण ज्याला रंग म्हणतों त्याच्यावर एक पारदर्शक लेप असतो आणि चकाकी असते ती त्याची. त्याची जाडी सामान्यतः ४०-५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. उन्हांत उभी केलेली काळी मोटार पाहिली तर सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात. त्या रस्त्यानें पाडलेल्या नसतात, आपल्याच हातांनीं पाडलेल्या असतात. मुरुमाच्या व खडीच्या धुळीचे कण कापडाखालीं सांपडले कीं तें कापड मऊ असूनही कानशीचें काम करतें. याबाबतींत आम्हांस सर्वांत मोठा अपराधी वाटतो तो रोज सकाळीं मोटारीवर फिरणारा कोरडा पिंवळा फडका. शहरांतून पगारी नोकराकडून आणि गांवांतून घरच्या पोराकडून हा फडका वर्षानुवर्षें फिरवला जातो, आणि मालक समाधानानें पाहत असतो! त्यापेक्षां आठ दिवस धूळ तशीच राहूं दिलेली बरी. पाण्यांत रॉकेल घालून पुसण्याची जी जुनी चाल आहे तीही सोडावी. चकाकी घटकाभर येते, पण दारांच्या रबरी पट्ट्या फुगतात.

कृति सांगतों. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची. पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. एप्रिलांत दुपारीं पत्र्यावर पोहे भाजतील, तेथें द्रावण पुसण्यापूर्वींच वाळेल. बादलींत आधीं पाणी घ्यावें, मग द्रावण. उलट केल्यास उगाच फेंस होतो. मायक्रोफायबरचीं सहा-आठ कापडें त्यांत भिजत टाकावीं. याच द्रावणाचें थोडें पाणी फवाऱ्याच्या बाटलींत भरून, ज्या भागाला हात घालावयाचा तो भाग आधीं ओला करावा आणि मिनिटभर थांबावें. ही मिनिटभराची उसंत पुष्कळ लोक घेत नाहींत. परंतु धूळ भिजून सैल होते ती याच वेळांत. मग एक कापड हलकें पिळून त्याची चौघडी करावी, म्हणजे त्याला आठ बाजू मिळतात. एका बाजूनें एक पट्टा सरळ रेषेंत, जोर न देतां, कापडाच्या स्वतःच्या वजनानें पुसावा आणि लगेच बाजू बदलावी. गोल गोल फिरवूं नये. एकदां वापरलेली बाजू पुन्हां मोटारीला लावूं नये, आणि वापरलेलें कापड पुन्हां त्या बादलींत बुडवूं नये. या एका नियमांत सगळी मख्खी आहे. बादलींतलें पाणी अखेरपर्यंत निवळ राहिलें तर काम बरोबर झालें असें समजावें.

आरंभ छतापासून, मग कांचा, पुढचें झांकण, दारांचा वरचा भाग, आणि सर्वांत शेवटीं दारांखालची पट्टी, कारण रस्त्याची खरी घाण तेथें असते. चाकांचें कापड निराळें ठेवावें आणि तें ओळखूं यावें म्हणून त्याच्या कोंपऱ्याला गांठ मारावी. प्रत्येक भाग पुसून होतांच दुसऱ्या कोरड्या कापडानें टिपून घ्यावा. टिपण्यास उशीर करूं नये, याला आमच्या भागांत विशेष कारण आहे. बोअरचें पाणी जड. ज्या पाण्यांत डाळ शिजत नाहीं आणि ज्यानें बंबाच्या तळाशीं पांढरा थर बसतो, त्याच पाण्याचे थेंब काळ्या पत्र्यावर वाळले कीं चुन्याचे टिकले राहतात. पाणी गाळण्याच्या यंत्रांतून जें पाणी वायां जातें तें तर याहून जड असतें, म्हणून तें यासाठीं वापरूं नये. अंगण सारवण्यास तें चालेल. पावसाचें धरून ठेवलेलें पाणी असेल तर उत्तम.

या रीतीला मर्यादा आहे. आमच्या भागांतला काळ्या मातीचा चिखल हा शिवणींत भरून बसणारा, वाळला कीं दगड होणारा पदार्थ. २०२५ च्या सप्टेंबरांत भूम-परांडा तालुक्यांत अतिवृष्टि होऊन शेतें खरवडून गेलीं. अशा दिवसांत चिखलानें लिंपलेल्या मोटारीवर ओलें कापड फिरवणें म्हणजे चंदनाच्या सहाणेवर तिला घासणें. तेथें आधीं पाणी ओतून चिखल भिजवून पाडलाच पाहिजे. त्यालाही मात्र नळी नको. चाकांवर व खालच्या पट्टीवर तांब्यानें ओतलेलीं दोन बादल्या पाणी पुरतें. पांखरांची घाण पडली असेल तर भिजवलेलें कापड तिच्यावर पांच मिनिटें ठेवून मग उचलावी, नखानें खरवडूं नये. परंतु वर्षाचे आठ-नऊ महिने मोटारीवर असते ती सुकी धूळच, आणि तिच्यासाठीं ही रीत पूर्णपणें पुरते असें आमचें मत आहे.

घरांतील वडील मंडळींचा आक्षेप मात्र द्रावणावर नसून शब्दावर असतो. “अरे, पुसलेली ती धुतलेली कशी? वाहतें पाणी अंगावरून गेल्याशिवाय कांहीं शुद्ध होतें का?” असा प्रश्न आमच्या घरच्या आत्याबाईंनीं केला, आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. आपल्या घरांतून धुणें आणि पुसणें यांत भेद आहे. ओंवळें पुसून सोंवळें होत नाहीं. खंडेनवमीला मोटारीची पूजा करावयाची तर तिला स्नान घातलें पाहिजे, ही भावना आम्ही समजतों. यावर त्याच घरांतल्या धाकट्या सुनेनें दिलेलें उत्तर आम्हांस पटलें : “आत्या, देवांना रोज अभिषेक आपण पळीनें करतों, घागरीनें नाहीं. मोटारीलाही पळीभर घालूं.” त्या वर्षीं चारी चाकांवर एकेक पळी पाणी घालून हळदकुंकू वाहिलें गेलें. आत्याबाई पुढें कांहीं बोलल्या नाहींत. पण फुलें त्यांनींच आणून दिलीं.

दुसरी एक गोष्ट या धुण्यांत आम्हांस महत्त्वाची वाटते. दुष्काळांत टँकर दाराशीं येतो तेव्हां तें पाणी घरांत भरण्याचें काम पुरुष क्वचित् करतात. आणि मोटार धुण्याची हौस मात्र बहुधा त्यांचीच असते. दहा बादल्यांची मोटार अर्ध्या बादलींत आली, तर उरलेल्या साडेनऊ बादल्या कोणाच्या कंबरेवरून उतरल्या हें घरांतल्या प्रत्येकास ठाऊक असतें. शिवाय अर्धी बादली नेणें आणि कापडाच्या घड्या बदलणें हें काम दहा-बारा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी सहज करूं शकते. थोरल्यांनीं छत आणि मुलांनीं दारें अशी वांटणी केली तर अर्ध्या-पाऊण तासांत सर्व आटोपतें. बाटली मात्र लहानांच्या हातीं लागणार नाहीं अशा फळीवर ठेवावी.

राहिलेलें पाणी जनावरांच्या डोणींत किंवा विहिरीजवळ ओतूं नये. भाजीच्या वाफ्यांतही नको. रस्त्याकडेच्या कोरड्या जमिनींत किंवा मोरींत तें टाकावें. कापडें त्याच दिवशीं धुवावीं आणि घरच्या सुती कपड्यांबरोबर धुऊं नयेत. सुताचे तंतू त्यांना चिकटतात आणि पुढच्या वेळीं कांचेवर उतरतात. कपडे मऊ करण्याचें जें सुगंधी द्रव्य हल्लीं वापरतात तें त्यांना लावूं नये, कारण त्यानें त्यांची शोषण्याची शक्ति जाते. सावलींत वाळवून पिशवींत बांधून ठेवावीं. जमिनीवर पडलेलें कापड मोटारीला पुन्हां लावूं नये. तें स्वयंपाकघरांत ओट्याला चालतें, आणि एकदां तेथें गेलेलें परत मिळत नाहीं, म्हणून कापडें दोन जास्तच घ्यावीं.