मार्जार

घरोघरी वावरणाऱ्या मांजराला संस्कृत भाषेत अनेक नावे आहेत. अमरकोशात बिडाल, मार्जार, आखुभुक् अशी नावे दिली आहेत. आखु म्हणजे उंदीर. म्हणून आखुभुक् म्हणजे उंदीर खाणारा. या नावावरून मांजराचे भक्ष्य कळते, तर मार्जार या नावावरून त्याची सवय कळते.

‘मृज्’ या धातूचा अर्थ पुसणे, स्वच्छ करणे असा आहे. मार्जन, संमार्जन हे शब्द त्यापासूनच झाले. जो आपले अंग वारंवार चाटूनपुसून स्वच्छ ठेवतो, तो मार्जार. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. त्यांच्या योगाने ते फणीने विंचरावे तसे आपले केस साफ करते. प्राकृतात मार्जार शब्दाचे ‘मंजर’ असे रूप झाले आणि मराठीत ते ‘मांजर’ म्हणून रूढ झाले.

‘घरात मार्जार शिरला’ असे बोलताना कोणी म्हणत नाही. तेथे मांजर, बोका किंवा भाटी हेच शब्द शोभतात. परंतु शास्त्रात मूळ शब्द टिकून आहे. वाघ, सिंह, बिबळ्या हे सारे प्राणी मार्जारकुलातीलच होत.

‘मार्जारकिशोरन्याय’ या शब्दात तर एक मोठा विचार साठवलेला आहे. किशोर म्हणजे पिलू आणि न्याय म्हणजे येथे दृष्टान्त. याचा जोडीदार ‘मर्कटकिशोरन्याय’ होय.

धाराशिव जिल्ह्यातील परांडे तालुक्यात सोनारी हे गाव भैरवनाथाच्या मंदिरासाठी आणि तेथील माकडांसाठी प्रसिद्ध आहे. माकडीण उडी घेते, तेव्हा तिचे पिलू तिच्या पोटाला घट्ट बिलगलेले असते. त्याने पकड सोडली, तर ते खाली पडेल. मांजरीची रीत निराळी. ती पिलाची मानगूट अलगद तोंडात धरते. पिलू अंग सैल सोडते. त्याला काहीच धरावे लागत नाही.

ईश्वराची कृपा कशी लाभते, हा प्रश्न रामानुजाचार्यांच्या अनुयायांपुढे होता. भक्तानेही प्रयत्नपूर्वक देवाला धरून राहिले पाहिजे, असे वडगलै पंथाने मानले; त्याचा दृष्टान्त माकडाचे पिलू. देवच भक्ताला उचलून नेतो, त्याने केवळ शरण जावे, असे तेंगलै पंथाने मानले. त्याचा दृष्टान्त मांजरीचे पिलू.

हे दोन्ही न्याय व्यवहारातही दिसतात. तान्हे मूल मार्जारकिशोरासारखे असते. आई त्याला नेईल तेथे ते जाते. शाळेत मात्र केवळ गुरुजींनी शिकवून भागत नाही. शिष्यानेही विद्या घट्ट धरावी लागते. तेथे मर्कटकिशोराचाच कित्ता गिरवावा लागतो.