हार्टवर्म: गोळी मागे बघते, पुढे नाही

आजच्या चिठ्ठ्यांमध्ये एक प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: "जंताचं औषध दर तीन महिन्यांनी देतोच, मग हार्टवर्मची वेगळी गोळी कशाला?" तिथूनच सुरुवात करू.

नेहमीची जंताची गोळी आतड्यातल्या जंतांसाठी असते. हार्टवर्म, म्हणजे डायरोफायलेरिया इमिटिस, आतड्यात राहतच नाही. तो डासाच्या चाव्यातून येतो. अळी त्वचेखाली शिरते, शरीरातून हळूहळू पुढे सरकते आणि साधारण सहा-सात महिन्यांनी फुफ्फुसाच्या धमन्यांत पूर्ण वाढलेला जंत तयार होतो. मादी 25 ते 30 सेंटिमीटर लांब, शेवयांसारखी. पाच-सात वर्षं तिथेच मुक्काम. खोकला, दम लागणं दिसेपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं.

आता गंमत बघा. महिन्याची गोळी पुढच्या महिन्याचं संरक्षण करत नाही. गेल्या महिन्यात शिरलेल्या अळ्या ती मारते. अळी वाढत गेली की या गोळीला दाद देईनाशी होते. म्हणून "दोन-तीन महिने राहिलं, आता एकदम देऊ" हे चालत नाही.

आणि इथे आम्हाला जरा कडक बोलावं लागतं. आयव्हरमेक्टिनचा प्रतिबंधक डोस किलोला 6 मायक्रोग्रॅम. दहा किलोच्या कुत्र्याला 60 मायक्रोग्रॅम. गुरांसाठीच्या एक टक्का इंजेक्शनच्या एका मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे तुम्हाला हवंय 0.006 मिलिलिटर! घरच्या सिरिंजने हे मोजता येत नाही. कोली जातीच्या अनेक कुत्र्यांत तर एका जनुकीय दोषामुळे जास्त डोस थेट मेंदूवर जातो. पैसे वाचवायला हा उद्योग करू नका.

उपचार मात्र लांबलचक आहे. आधी महिनाभर डॉक्सिसायक्लिन, कारण जंताच्या पोटात वोलबाकिया नावाचे जिवाणू राहतात आणि त्यांच्यावाचून जंत दुबळा होतो. सोबत प्रतिबंधक औषध. साधारण साठाव्या दिवशी मेलारसोमीनचं पहिलं इंजेक्शन, कमरेच्या स्नायूत खोलवर. महिन्याने आणखी दोन, चोवीस तासांच्या अंतराने. हे औषध सोमलाचं संयुग आहे, पण मालकांनी जास्त घाबरायला हवं ते धावण्याला. मेलेल्या जंतांचे तुकडे फुफ्फुसात अडकतात. त्यात कुत्रं पळालं, तर जीव जाऊ शकतो. त्यामुळे शेवटच्या इंजेक्शननंतरही सहा ते आठ आठवडे पट्टा बांधूनच फक्त शी-शूसाठी बाहेर. बॉल नाही, जिने नाही. तेव्हा त्याला बरं वाटत असतं, म्हणून तर हे अवघड.

आपल्याकडचं काय? भारतात हा जंत मुख्यतः ईशान्येकडे आढळतो. किनारपट्टीवर त्याचा भाऊबंद, डायरोफायलेरिया रेपेन्स, जास्त. तो त्वचेखाली राहतो आणि क्वचित माणसाच्या डोळ्यातही सापडतो. रक्ताच्या काचपट्टीवर दोघांची पिल्लं जवळपास सारखीच दिसतात, त्यामुळे "मायक्रोफायलेरिया आढळले" एवढ्या रिपोर्टवर हार्टवर्मचा उपचार सुरू करू नये. अँटिजेन टेस्ट करून घ्या. ती पूर्ण वाढलेली मादी ओळखते. म्हणून सात महिन्यांखालच्या पिल्लाची टेस्ट निगेटिव्ह आली, तर त्यातून काही कळत नाही. मोठ्या कुत्र्याला मात्र गोळी सुरू करण्याआधी टेस्ट हवीच. रक्तात पिल्लं भरपूर असतील आणि ती एकदम मेली, तर कुत्रं शॉकमध्ये जाऊ शकतं.